सहा वर्षांत एकही ओरखडा नाही

मी लेथ मशीन. लोखंड कातते. माझा आवाज मोठा आहे, पण सहा वर्षं तो कुणाच्या कानावर पडला नाही. त्यामुळे आता मी जरा जास्तच बोलणार आहे. कंटाळा आला तर तुम्ही खुशाल उठून जा. मला उठून जाता येत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. लोखंडाचा गज माझ्या जबड्यात घट्ट धरायचा, त्याला गरगर फिरवायचं आणि धारदार पात्याने त्याची सालं काढत जायचं. पंपाचा दांडा, चाकाचं बुश, गाडीची पिन, हवं ते घडतं. जगात जे जे फिरतं त्यातलं निम्मं तरी माझ्या जातीतल्या कुणाच्या ना कुणाच्या जबड्यातून गेलेलं असतं. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही बारा बहिणी एका रांगेत उभ्या होतो. सगळ्यांना एकच हिरवा रंग. अकराजणी शहरातल्या कारखान्यांत गेल्या. माझ्या पोटावर मात्र ‘ग्रामीण रोजगार’ अशी पत्र्याची पाटी ठोकली आणि मला गावाकडच्या ट्रकमध्ये चढवलं. बहिणी दोन-दोन पाळ्या राबणार होत्या. मला वाटलं, आपलं नशीब थोर. आपण अख्खं गाव उभं करणार!

गाव म्हणजे एक लांब रस्ता. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला बसथांबा. पोरं एका टोकाला वाढायची आणि दुसऱ्या टोकाहून निघून जायची. मध्ये पिठाची गिरणी, सायकल दुरुस्तीचं दुकान आणि माझ्यासाठी बांधलेली पत्र्याची शेड.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. फीत कापली. बटण दाबलं. मी दोन मिनिटं फिरले, फोटो निघाले, मला बंद केलं. जाताना साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गावप्रमुखांना म्हणाले, “लाखमोलाची वस्तू आहे. जपा हिला.”

झालं. त्या एका वाक्याने माझा घात केला. शिकवायला मास्तर येणार होते, ते काही आले नाहीत. साहेबांचं वाक्य तेवढं गावात राहिलं. नव्या खुर्चीवरचा प्लॅस्टिकचा कागद वर्षानुवर्षं न काढणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. हे गाव त्यातलंच, आणि माझ्या बाबतीत तर त्याने कमालच केली. माझ्यावर जाड प्लॅस्टिक घातलं, त्यावर चादर घातली, शेडला कुलूप लावलं आणि एक राखणदार नेमला.

राखणदार म्हणजे किल्लीकाका. कमरेला किल्ली, खांद्यावर फडकं. माणूस सोन्यासारखा. रोज सकाळी येऊन मला पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि दारात स्टूल टाकून बसायचे. सायकलवाला एकदा मोडकी पिन घेऊन आला.

“काका, पाच मिनिटांचं काम आहे हो.”

“हात लावायचा नाही.”

“मग ही आणली कशाला?”

“जपायला,” काका म्हणाले, आणि त्यांना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

आता खरी गंमत ऐका. किल्लीकाकांचा एकुलता एक मुलगा टर्नर आहे. टर्नर म्हणजे लेथ चालवणारा. शहरात, एक दिवस आणि एक रात्र प्रवास करून जावं लागतं इतक्या लांब, तो माझ्याच एका बहिणीवर काम करतो. बाप इथे मला पुसतोय आणि मुलगा तिथे तिला चालवतोय. वर्षातून पाच दिवस तो घरी येतो. बाकीचे दिवस त्याची बायको, म्हणजे काकांची सून, सासऱ्यांचा डबा घेऊन शेडवर येते आणि माझ्याकडे अशी बघते, जशी बाई सवतीकडे बघते.

“मामंजी, ही चालू केली असती तर तुमचे चिरंजीव घरी राहिले असते.”

“सूनबाई, पोळी घाल अजून एक.”

इतकंच बोलणं व्हायचं. रोज.

दरवर्षी तपासणी व्हायची. अधिकारी यायचे, चादर उचलून बघायचे, माझ्या अंगात तोंड दिसतंय म्हणून खूश होऊन जायचे. एका वर्षी तर ‘उत्तम देखभाल’ म्हणून गावाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते माझ्यासमोरच्या भिंतीवर लावलं. मी ते रोज वाचायचे आणि रोज माझा संताप व्हायचा. पण बंद मशीनचा संताप कुणाला कळणार? मेल्यासारखी चमकत उभी होते.

सहाव्या वर्षी तपासणीला एक नवीन बाई आल्या. त्यांनी चादर उचलली नाही. सरळ स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, “हिच्यामुळे किती लोकांना काम मिळालं?”

गावप्रमुखांनी काकांकडे पाहिलं. काकांनी छाती पुढे काढली. “एकाला. मला.”

बाई हसल्या नाहीत. काका घाईघाईने म्हणाले, “बाई, सहा वर्षांत एकही ओरखडा नाही हिच्यावर! बघा तरी.”

“तेच दुखणं आहे, काका. मी हिला इथून हलवणार. पंधरा दिवसांनी ट्रक येईल. जिथे चालेल तिथे जाईल ती.”

त्या गेल्या. काका तसेच उभे होते. ज्या वस्तूला जिवापाड जपलं, ती जपल्याबद्दलच काढून घेतात, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. आणि मी? मला आनंद व्हायला हवा होता. कुठेतरी गेले असते, फिरले असते. पण मला चीड आली. माझ्या पोटावर या गावाची पाटी आहे. हे गाव मूर्ख असेल, पण माझं आहे. चुकलेल्या पोराला शिकवायचं सोडून त्याचं दप्तरच उचलून न्यायचं, ही कुठली रीत?

सुनेने त्याच संध्याकाळी शेडच्या दारातूनच नवऱ्याला फोन लावला.

“रजा काढा आणि या.”

पलीकडून तो काहीतरी म्हणाला.

“कोणी मेलेलं नाही. पण मशीन चाललीय गावातून. ती गेली की मग तुम्ही म्हातारपणीच परत येणार. मग काय, मी तुम्हाला पुसत बसू?”

टर्नर आला. पाच दिवसांची रजा. घरी पिशवी ठेवून तडक शेडवर. बापापुढे हात पसरला. “बाबा, किल्ली.”

काकांनी कमरेवर हात ठेवला. “नाही देणार.”

“अहो, ट्रक येतोय!”

“येऊ दे. सहा वर्षं मी गावातल्या पोरांना या दारातून हाकललं. कोण पिन घेऊन आलं, कोण शिकायला आलं. सगळ्यांना नाही म्हटलं. आणि आता पोटचा पोरगा आला म्हणून कुलूप उघडू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

टर्नरने पसरलेला हात मागे घेतला. खरं सांगू, म्हातारा चुकत होता, पण खोटं बोलत नव्हता.

सून तिथून निघून गेली. अर्ध्या तासाने आली ती गिरणीवाल्या मावशींना घेऊन. मावशींच्या खांद्यावर गिरणीचा तुटलेला लोखंडी दांडा होता. दहा दिवस गिरणी बंद होती आणि लोक दळण घेऊन बसने दुसऱ्या गावाला जात होते. मावशींच्या मागे दळणवाले. त्यांच्या मागे सायकलवाला. त्याच्या मागे ज्यांना कधी ना कधी हाकललं होतं ते सगळे.

“किल्लीभाऊ,” मावशींनी दांडा धाडकन उंबऱ्यावर टाकला, “जपून जपून तुम्ही हिचं लोणचं घातलंत. आता बरणी उघडता, की मी कुलूप तोडू?”

काका सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिले. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि ती मुलाला न देता सायकलवाल्याच्या हातात ठेवली.

“आधी तू. तुला मी सगळ्यात जास्त वेळा हाकललंय. माझा पोरगा शेवटी आत येईल. आणि येईल तो शिकवायला. एकट्याने चालवायला नाही.”

चादर निघाली, प्लॅस्टिक निघालं. बाहेरून मी आरशासारखी होते, पण आतली गत सांगायची लाज वाटते. ग्रीस वाळून खडीसारखं झालं होतं. पट्टा तडकला होता. न वापरता मी जेवढी झिजले होते, तेवढ्या माझ्या बहिणी दोन-दोन पाळ्या राबूनही झिजल्या नसतील. मावशींनी गिरणीचा जादा पट्टा दिला. टर्नरने तीन दिवस माझं पोट साफ केलं आणि करता करता सायकलवाल्याला आणि बायकोला शिकवत गेला. “केस घट्ट बांध. बाह्या वर. घड्याळ काढ. फिरणाऱ्या जबड्याजवळ बोट न्यायचं नाही, तिला तुझं बोट आणि गज यांतला फरक कळत नाही.”

चुकीचं बोलला. मला कळतो. पण थांबता येत नाही, म्हणून मी गप्प राहिले.

चौथ्या दिवशी गिरणीचा दांडा झाला. पहिल्या प्रयत्नात टर्नरने केला असता. पण त्याने सायकलवाल्याला करू दिला आणि दोन गज वाया गेले. त्यातला एक निसटून माझ्या हिरव्या अंगावर आदळला, चांगला वीतभर चरा पडला. काका कळवळले. मला मात्र जन्मल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी गिरणी सुरू झाली. पाचव्या दिवशी टर्नर बसमध्ये बसून परत गेला. रजा संपली होती.

ट्रक ठरल्या दिवशी आला. तपासणीच्या बाई पुढे बसलेल्या. सून माझ्यासमोर उभी होती. बाहेर काका दारात आडवे.

“ट्रक रिकामा न्या,” काका म्हणाले. सहा वर्षांत एवढ्या मोठ्याने ते पहिल्यांदाच बोलले असतील.

“काका, एक दांडा केला म्हणजे रोजगार होत नाही,” बाई म्हणाल्या. “चालवणारा कुठे आहे? परत गेला ना?”

“मी आहे,” सून आतून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “किती दिवस शिकलीस?”

“पाच. आणि त्यानंतर रोज. दोन पिना नीट झाल्यात, सात बिघडल्यात. खोटं कशाला सांगू?”

ट्रकवाला इतका वेळ बिडी ओढत ऐकत होता. तो म्हणाला, “ताई, माझ्या ट्रकच्या मागच्या फाळक्याची पिन कधीची गेलीय. दोरीने बांधून फिरतोय. बघा जमतंय का. हिला उचलून ठेवलं तरी बिनपिनीचा फाळका उघडून ही रस्त्यात पडेल.”

सगळे हसले. सून हसली नाही. तिने फाळक्याच्या भोकाचं माप घेतलं, गज माझ्या जबड्यात धरला, दोनदा तपासला. बटण दाबलं. तिने पातं हळूहळू पुढे सरकवलं. मी जेवढी स्थिर राहू शकते तेवढी राहिले. लोखंडाची सालं कुरळी होऊन खाली पडत गेली. पहिली पिन सैल झाली. सुनेने ती काढून बाजूला ठेवली, कपाळ पुसलं आणि दुसरा गज लावला.

दुसरी पिन फाळक्यात खट्ट करून बसली. ट्रकवाल्याने फाळका दोनदा हलवून पाहिला, दोरी सोडून फेकून दिली.

बाईंनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, “हुकूम आता वरून निघालाय, तो रद्द करणं माझ्या हातात नाही. सहा महिने पुढे ढकलायला लिहिते. तेव्हा इथे किमान दोन घरं हिच्यावर चाललेली दिसली पाहिजेत.”

“तीन दाखवतो,” काका म्हणाले.

ट्रक रिकामा गेला. सुनेने फोन लावला. “राहिली. आता बोला, तुम्ही कधी येताय?” पलीकडून त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर तिने सासऱ्यांना विचारलं, “मामंजी, शेडमध्ये अजून एक टेबल बसेल का हो?”

तो पुढच्या महिन्यात नोकरी सोडून येतोय. पोट भरेल की नाही, हे मलाही माहीत नाही. लोखंड महाग आहे, वीज जाते, सुनेच्या हातून अजून दहातली तीन कामं बिघडतात. काका आता दारात बसत नाहीत. गज कापून देतात आणि कापताना बोट चिरून घेतात. माझा हिरवा रंग जागोजागी उडालाय, पायाशी सालांचा ढीग आहे, आणि सकाळपासून माझा घसा फिरून फिरून तापलाय.

सहा महिन्यांनी ट्रक पुन्हा येईल म्हणतात. येऊ दे. ज्यांना मला उचलून न्यायचंय, त्यांनी सकाळी नऊनंतर यावं आणि बाहेर बाकावर बसावं. मावशी जुनं चाक घेऊन आल्यात, त्यांच्यानंतर शाळेच्या पंपाचा नंबर आहे, आणि त्यानंतर बघू.