ब्रेकचा खटका कुणाच्या हाताशी

ऑक्टोबर लागला की वायोमिंगमधल्या साऱ्या म्हाताऱ्यांना एकाच आठवड्यात ॲरिझोनाचं ऊन आठवतं आणि सगळे राहायचे ट्रेलर गाडीमागे ओढत माझ्या गॅरेजच्या दारात येतात. सोमवारपासून मी गाड्यांच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून ट्रेलरचे ब्रेक चालवणारे डबे बसवतोय. एकोणसाठाव्या वर्षी खांदा बोंब मारतो, पण ऐकतो कोण!

गुरुवारी माझं जुनं गिऱ्हाईक लोवेल त्वेत आला, बायको आर्लिसला घेऊन. वय अठ्ठ्याहत्तर, आणि मला अजून पोरा म्हणतो.

"पोरा, हा डबा बाद झालाय. गेल्या वर्षी घाट उतरताना ट्रेलरचे ब्रेक लागलेच नाहीत. पुढच्याच्या अंगावरच जात होतो! नवा टाक, चांगला भारीतला."

मी दोन दाखवले. एक आपण ठरवून दिलेल्या जोरानं ट्रेलरचे ब्रेक आवळतो. दुसरा गाडी किती जोरात थांबतेय ते बघून तेवढाच आवळतो.

"दुसरा. स्वतःचं डोकं असलेला," म्हणून तो समोर कॉफी आणायला गेला.

जुना डबा काढण्याआधी तपासला. ठणठणीत होता. ट्रेलरच्या चाकांतले ब्रेकही लागत होते.

"चांगला आहे ना तो?" आर्लिस दारात उभी होती.

"हो."

"माहीत होतं मला. साखरेनं तळवे बधिर झालेत त्याचे. घाटात पाय ब्रेकवर पडलाच नव्हता. बोलायला गेलं की अंगावर येतो." मग हळूच म्हणाली, "रॉयस, डब्याला हातानं दाबायचा खटका असतो ना? तो माझा डावा हात पोचेल असा बसव."

तो खटका फक्त ट्रेलरचे ब्रेक लावतो, आणि त्याची जागा चालवणाऱ्याच्या, म्हणजे इथे डावीकडे बसणाऱ्याच्या, उजव्या गुडघ्याशी. तीस वर्षांत कुणी तो बायकोच्या हाताशी मागितला नव्हता. ब्रेकवर पाय दाबल्याशिवाय डोकंवाला डबाही ढिम्म बसतो, हे मी लोवेलला तोंडावर सांगायला हवं होतं. त्यानं गाडी चालवू नये, हेही. पण दमलो होतो. गुपचूप नवा डबा दोघांच्या मध्ये बसवला. न बोलल्याची मला अजून लाज वाटते.

"हे काय, हिच्या मांडीवर बसवलास की!" लोवेल आल्या आल्या म्हणाला.

"खाली जागा नव्हती," मी थाप मारली.

ट्रेलर जोडून चाचणीला निघालो. ती दोघं पुढच्या सलग बाकावर, मी मागे. चौकात थांबायची पाटी, आणि डावीकडून धान्याचा ट्रक येत होता. लोवेल ॲरिझोनातल्या संत्र्यांबद्दल बोलत होता. गाडीचा वेग काही कमी होईना. आर्लिसनं खटका दाबला. ट्रेलरनं आम्हाला मागे खेचलं आणि गाडी थांबायच्या रेघेपुढे नाक काढून थांबली. ट्रक भोंगा वाजवत गेला.

"दाबलाय मी ब्रेक," लोवेल म्हणाला. मग त्यानं वाकून बघितलं. त्याचा बूट ब्रेकशेजारच्या मोकळ्या जागेवर होता, जीव खाऊन दाबलेला.

मग त्यानं गाडी बंद केली, उतरला, बॉनेटला हात टेकत वळसा घालून आला आणि तिच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडे. वीस वर्षं शाळेची बस हाकलीस, ही काय मोठी!"

आर्लिस स्टिअरिंगमागे सरकली. लोवेल बसला, पट्टा लावला, डावा हात पुढे करून खटका एकदा दाबून पाहिला.

"जागा बरोबर आहे, पोरा," तो समोर बघत म्हणाला. "हात पोचतो माझा."