खोकल्याची वर्दी

विडी सोडलेला माणूस किती बदलतो हे मोजायचा छंद आमच्या डॉक्टर गुप्त्यांना लागला आणि नेमका मी त्यांच्या तावडीत सापडलो. "भाऊ, ओढत राहिलात तर वर्ष काढणं कठीण. सोडलीत तर पुष्कळ जगाल," असं त्यांनी माझ्या मुलासमोर, सुधीरसमोर, स्पष्ट सांगितलं. मीही हट्टी. स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी कचेरीतून निवृत्त झालो तेव्हासुद्धा न सुटलेली विडी डॉक्टर बोलले त्याच दिवशी टाकली.

मग दर रविवारी दवाखान्यात हजेरी. काट्यावर उभं राहायचं मी आणि प्रश्न मात्र माझ्या सुनेला, नीलाला. भूक वाढली का? चिडतात का? हात रिकामे राहिले की काय करतात? नीला चोख उत्तरं द्यायची. "पोळ्या जास्त लागतात. आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवतात. आणि दिवसभर सुपारी कातरत बसतात." मी तिथेच बसलेलो, पण मला विचारतंय कोण! बाजारात बैल दाखवावा तसं चाललं होतं.

एक फरक मात्र तिने कधी सांगितला नाही. माझा खोकला गेला होता.

नौपाड्यातल्या आमच्या चाळीत हा खोकला प्रसिद्ध होता. वडीलधाऱ्याने घरात शिरताना खाकरावं, म्हणजे आतल्या बायका सावरून बसतात, ही आमच्याकडची रीत. मला ती मुद्दाम पाळावी लागलीच नाही. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर ढास लागायची आणि शेजारच्या ठमाबाई गॅलरीतून ओरडायच्या, "अगं नीला, सासरे आले गं!" विडी सुटल्यावर मी मुकाट जिना चढायला लागलो. खाकरायची सवय कधी लागलीच नव्हती, ती आता कुठून आणणार?

एका संध्याकाळी तळ्यावर फेरी मारून आलो. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत नीला बोलत होती.

"बाळंतपणाला आई येणार. दोन खोल्यांत सगळ्यांनी निजायचं कुठे? त्र्यंबकभावजींना म्हणावं, मामंजींना कल्याणला न्या."

"दादा कसला नेतोय!" सुधीर म्हणाला. त्र्यंबक माझा थोरला, कल्याणला वेगळं बिऱ्हाड करून राहिलेला. "मला वाटलेलं, वर्षाचा प्रश्न आहे, काढू कसंतरी. आता विडी सोडलीय, म्हणजे चांगली दहा वर्षं जगतील."

"अहो, असं बोलू नये."

"वाईट म्हणून नाही बोलत गं. आहे ते सांगतोय."

रागाने बोलला असता तर आत जाऊन त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. पण त्याचा आवाज नुसता दमलेला होता. पाऊल न वाजवता जिना उतरलो, खाली उभा राहून जोरात खोकलो आणि खोकतच वर आलो. ठमाबाईंनी वर्दी दिली. आत शिरलो तर सुधीर वर्तमानपत्र वाचत होता.

"चहा टाकू, मामंजी?" नीलाने विचारलं.

तेव्हापासून मी रोज खोकत वर येऊ लागलो. पुन्हा काही कानावर पडू नये, एवढंच मला हवं होतं.

त्या रविवारी सुधीरही बरोबर आला होता. नीलाने इमानाने सांगितलं, "खोकला परत सुरू झालाय, डॉक्टर."

डॉक्टरांनी भुवया चढवल्या. "चोरून ओढता ना, भाऊ?"

नाही म्हणालो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि मला एकदा बघायचंही होतं. "हो," म्हणालो आणि सुधीरच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी ह्याच पोराने माझ्या विड्यांचं बंडल विहिरीत फेकलं होतं आणि त्यापायी माझा मार खाल्ला होता. त्याने आता ओरडावं, सगळ्यांदेखत माझी अब्रू काढावी, असं मला फार वाटत होतं. ओरडले ते डॉक्टर. सुधीर खाली बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने माझ्या उशाशी विड्यांचं बंडल ठेवलं, माझ्या नेहमीच्याच.

"चोरून कशाला, भाऊ? या वयात जिवाचे हाल करून काय मिळणार?" फार मायेने बोलला. माझ्या पाठीवरून हातही फिरवला.

नीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बंडलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"काडेपेटी आण," मी सुधीरला म्हणालो.

ती त्याने खिशात आणलेलीच होती.