नजर ठेवायला

सिंधूताई आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. बरखेड्यात, म्हणजे आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच कळायचं. त्या डिसेंबरात एका दुपारी त्या मेथीची जुडी घेऊन निवडायला आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "रजनी, राग मानू नकोस हं. पण तुझा नवरा रोज पहाटे त्या कमलिनी बापटबरोबर पळायला जातो, हे तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे की. चहा मीच करून देते."

"आणि तुला काहीच वाटत नाही?"

वाटत होतं हो! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण सिंधूताईंना वाटलं त्या कारणानं नाही.

आमचे हे, अनंत मोहरील, कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. चाळिशीपर्यंत ह्यांनी धावून पकडलेली एकच गोष्ट म्हणजे शिफ्टची बस, आणि तीसुद्धा निम्म्या वेळा सुटायची. मग त्या वर्षी काशिनाथराव दाणी सिक्युरिटी ऑफिसर म्हणून आले. नौदलातून निवृत्त झालेला माणूस, त्याला थंडीत घरात बसवेना. त्यांनी टाउनशिपमधली दहाबारा माणसं जमवली. पहाटे शेतांतून, बांधांवरून, नाले ओलांडत मिसरोद गावाच्या बाजूच्या तलावापर्यंत पळत जायचं, ही क्रॉसकंट्री. तिथे पोचलं की त्या मरणाच्या गारठ्यात पाण्यात फळी टाकायची. फळी म्हणजे दाणींनी थर्माकोल आणि प्लायवूड जोडून घरीच बनवलेली, माणसापेक्षा लांब. समुद्रावर असल्या फळीवर उभं राहून लोक लाटेवरून घसरत काठाला येतात म्हणे. आमच्या तलावाला लाट ती केवढी? वाटीतल्या वरणाला येईल तेवढी! पण उत्तरेचा वारा सुटला की पाणी जरा उसळायचं, आणि तेवढ्यावर ही चाळिशीची घोडी उभी राहायला बघायची आणि धपाधप पडायची.

डॉक्टरांनी ह्यांना साखरेसाठी चालायला सांगितलं होतं. हे पळायलाच लागले, आणि महिन्याभरात असे काही बदलले की विचारू नका. पोट गेलं, रंग उजळला. ऑफिसात लोक 'मोहरीलसाहब, क्या बात है' म्हणायला लागले. मी मात्र पहाटे उठून चहा करायची, परत येईपर्यंत बंब पेटवून ठेवायची, ओले कपडे पिळायची, आमच्या मुलाचा, रवींद्रचा, शाळेचा डबा भरायची. आणि हे गरम पाण्यानं न्हाऊन, पोह्यांवर लिंबू पिळत मला सांगायचे, "पहाटे दवात पळताना छातीत वारा कसा भरतो ना रजनी! तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! अहो, मी नागपूर विद्यापीठाची क्रॉसकंट्रीची मुलगी. बी.ए.ला तीन वर्षं माझ्या पुढे कुणी गेलं नव्हतं. काटोलला मामांच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत मी काठावरून उडी टाकायची. मला बघायला आले तेव्हा बाबांनी हौसेनं मेडलं दाखवली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "छान आहेत हो. पण पळणंबिळणं आता माहेरी." सगळे हसले होते, त्यात हेही होते. आणि आता हेच साफ विसरले!

माझा जीव जळायचा तो ह्यांच्यावर. ह्यांच्या चिखलाच्या बुटांवर, धापेवर, लाल झालेल्या कानांवर. दारात बूट काढून ठेवलेले असायचे, तेसुद्धा बघवायचे नाहीत मला. कमलिनी बापट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. पुण्याहून अकाउंट्सला बदलून आलेली, बिनलग्नाची, ट्रॅकसूट घालणारी. टाउनशिपला तेवढं पुरे झालं.

मेथी निवडून होईपर्यंत सिंधूताई माझं तोंड बघत होत्या. मी काही बोलले नाही, त्याचा त्यांनी हवा तो अर्थ घेतला. जाताना सासूबाईंच्या खोलीत शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "रजनी, उद्यापासून तूही जात जा पहाटे. रवीचा डबा मी बघते."

"मी? कुठे?"

"अनंतासोबत. बाप्पा, सगळं तोंडानं बोलायचं का? नवऱ्यावर नजर ठेवावी लागते बाईनं. माणूस हातचा गेला म्हणजे मग?"

मी मान खाली घालून "बरं" म्हटलं. हसू दिसायला नको होतं.

आणि मग काय विचारता! जी गोष्ट मी पाय धरून मागितली असती तरी मिळाली नसती, ती ताटात वाढून आली. महिला मंडळातल्या बायका मला भाजीच्या दुकानात गाठून हळूच हात दाबायच्या. साडी नेसून पळता यायचं नाही म्हटल्यावर सासूबाईंनी स्वतः सांगितलं, "पंजाबी ड्रेस घाल, मी काही म्हणत नाही." बिट्टन मार्केटच्या आठवडी हाटात भाजी घ्यायला गेलो तेव्हा कॅनव्हासचे बूट त्यांनीच निवडले, तळवा दाबून बघून. नवऱ्यावर नजर ठेवायची तर घसरून चालत नाही म्हणाल्या. बाई स्वतःसाठी पळाली तर तिचं डोकं फिरलं, आणि संसार वाचवायला पळाली तर सती सावित्री! मला काय, मला पळायचं होतं.

ह्यांना वाटलं, मी त्यांचं कौतुक बघायला येते आहे. "हळू ये, दमशील," म्हणाले.

पहिले काही दिवस दमलेच. छाती फुटायची, पोटऱ्या दुखायच्या, जिना उतरताना कठड्याला धरायची. पण अंगाला सगळं आठवत होतं. एक दिवस हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर श्वास आपोआप लागला, पाय आपले आपण पडायला लागले, आणि मला रडूच फुटलं. बरं झालं, धुकं होतं.

कमलिनी बिचारी साधी मुलगी निघाली. सगळ्यात मागे पळायची आणि दाणींना आपल्या आईचा दमा सांगायची. हे सगळ्यांच्या पुढे. म्हणजे एक या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला, आणि दोघांवर मी नजर ठेवायची! मी नवरा निवडला. रोज ह्यांच्या अगदी मागोमाग राहायची. पाय शिवशिवायचे, पुढे मोकळी वाट दिसायची, पण नजर ठेवणारी बाई पुढे कशी जाईल? पुढे गेले तर सगळं उघडं पडणार, आणि दुसऱ्या दिवशी परत बंबापाशी. म्हणून गप मागे राहायचे आणि ह्यांची पाठ बघत जळायचे. आणि वर हे वळून मला शिकवायचे, "तू श्वास चुकीचा घेतेस. नाकानं घे."

नाकाला मिरच्या झोंबल्या की नाही घेता येत नाकानं.

तलावावर मी बसून राहायची नाही. कमलिनी काठावर आंघोळीचा पंचा धरून थरथरत असायची, तिला बाजूला करून मीही फळी घ्यायची. पाणी इतकं गार की पहिल्यांदा तोंडातून आवाजच निघाला नाही. पण विहिरीचं पाणी काही कोमट नसतं. हे उभं राहायचा हट्ट धरून पडायचे. मी मुकाट पालथी पडून हातांनी पाणी मागे ओढायची. दाणी एकदा म्हणाले, "वहिनी, तुम्ही कुठे शिकलात?" हे म्हणाले, "ती? ती सहज आली आहे हो, माझ्याबरोबर."

सव्वीस जानेवारीला दाणींनी शर्यत ठेवली. टाउनशिपच्या खेळांत बायकांना लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची एवढंच असायचं, पण दाणी म्हणाले, रोज येणाऱ्या सगळ्यांनी पळायचं. कारखान्याच्या भोंग्यावर सुटायचं, शेतांतून तलाव गाठायचा, फळीवरून पाण्यातल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत काठ. उभं राहून या की पालथं पडून. झेंडावंदन करून महिला मंडळ जीपमधून तलावावर आलं. सासूबाईही शाल गुंडाळून आल्या. सिंधूताई तर अशा नटल्या होत्या की माझंच लग्न आहे.

भोंगा वाजला. अर्ध्या वाटेपर्यंत मी शहाणी होते, ह्यांच्या मागे. नाल्यापाशी हे वळले आणि मला म्हणाले, "तुझ्यासाठी हळू पळू का?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, गेलं खड्ड्यात सगळं! उद्या कुणी दाराला कुलूप घातलं तरी चालेल, आज ही पाठ मला डोळ्यांसमोर नको. नाला एका ढांगेत टाकला आणि ह्यांच्या शेजारून निघाले. हे म्हणाले, "अगं, अगं!" पुढचं मला ऐकू आलं नाही. पुढे कुणीच नव्हतं, नुसतं गव्हाचं हिरवं शेत आणि त्यातून जाणारी पायवाट. किती वर्षांनी माझ्यासमोर कुणाची पाठ नव्हती!

तलावाच्या उतारावर मी एकटी दिसले तशा बायका ओरडायला लागल्या. मला वाटलं, मला चिअर करताहेत. कसलं काय! सिंधूताई पदर सावरत पाण्यापर्यंत धावत आल्या. "रजनी, मागे बघ! अगं, तू पुढे काय आलीस? तो मागे राहिला ना तिच्याबरोबर!"

मी नाही बघितलं मागे. फळीवर पडले आणि हात मारत सुटले. पिंपाला वळसा घालताना हे समोरून येत होते, चांगले उभे राहून, ऐटीत. मला परत येताना पाहिलं आणि ह्यांचा तोलच गेला. पाण्यातून ह्यांचं डोकं वर आलं तेव्हा मी काठाला लागले होते. दाणींनी शिट्टी वाजवली. कमलिनीनं अजून उतारावरूनच टाळ्या वाजवल्या, तिचाच आवाज मोठा होता. बायका एकमेकींकडे बघत होत्या, आता काय करावं अशा.

त्या दिवशी हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. 'थंडी बाधली' म्हणून पांघरूण घेऊन पडले. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. "रजनी, पुढे पळून कुणी नजर ठेवतं का वो? हे काही मला समजलं नाही."

"तेच म्हणतो मी," हे ताटाकडे बघत म्हणाले. दिवसभरातलं पहिलं वाक्य! "उद्यापासून हिला घरी राहू दे. कामं असतात घरी. उगाच हात दाखवून अवलक्षण."

म्हणजे आलंच. मी पोळी खाली ठेवली. एकदा वाटलं, गप्प बसावं, चार दिवसांनी सिंधूताईंना गाठावं, कमलिनीचं काहीतरी रचावं. पण त्या गरीब मुलीला आणखी किती राबवायचं?

"आई, मला त्या कमलिनीचं कधीच काही वाटलं नाही," मी म्हटलं. "मी जळत होते ती ह्यांच्यावर."

"माझ्यावर?" हे हसायला गेले. "बायको कधी नवऱ्यावर जळते का?"

"का नाही जळणार? तुम्ही नाही का सकाळपासून माझ्यावर जळताय?"

ह्यांचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत ह्यांच्याकडे. ह्यांचे कान लाल झाले होते. "काहीतरीच बोलतेस," एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं. सासूबाईंनी ताक वाढलं. मला उद्या जा म्हणून मात्र कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला उठले. चहा केला, माझ्यापुरता. बंबाकडे वळलेसुद्धा नाही. हे पांघरुणात होते, पण झोपलेले नव्हते, तेवढं कळतं. मी दारात बूट घालत होते तर सासूबाई शाल घेऊन समोर उभ्या.

"आज कुणावर नजर ठेवायला चाललीस?"

"कुणावर नाही," म्हटलं. "पळायला चाललेय."

त्या माझ्या बुटांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात आतून खाट करकरली आणि ह्यांचा आवाज आला, "अगं, थांब! थांब जरा, मी येतो. माझे मोजे कुठे आहेत?"

माझा हात कडीवर होता, आणि सवयीनं मी थांबलेही. मोजे कुठे आहेत ते मला माहीत होतं.

सासूबाईंनीच कडी काढली. "जा तू," म्हणाल्या. "येईल तो मागून."