व्हर्जिलचा मोठा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा हातमोजा आहे, आणि मला जोडीदार नाही. बेसबॉलमध्ये झेल घेणारा कॅचर एकाच हातात मोजा घालतो. तुमच्या यष्टिरक्षकासारखाच तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो आणि पिचरने फेकलेला चेंडू अडवतो. माझे सगळे भाऊबंद बेताच्या आकाराचे. मी मात्र परातीएवढा आहे. मला पाहून पहिल्यांदा हसला नाही, असा माणूस अजून मला भेटायचाय.

माझा जन्म केंटकीतल्या एका लहान गावात झाला. तिथल्या घोड्यांचे खोगीर शिवणाऱ्या एमॉस नावाच्या म्हाताऱ्याने मला शिवले, ते व्हर्जिल टास्करसाठी. व्हर्जिल पिचर होता, कॅचर नव्हे. मग त्याला माझी गरज का पडली? तर त्याचा चेंडू जगावेगळा होता. तो चेंडू नखांत धरून असा सोडायचा की तो हवेत जराही फिरत नसे. न फिरणारा चेंडू काटलेल्या पतंगासारखा डुलत येतो. कुठे पडेल ते फलंदाजाला कळत नाही, कॅचरला कळत नाही आणि खुद्द व्हर्जिललाही कळत नसे. असा चेंडू साध्या मोज्यात मावत नाही. म्हणून व्हर्जिल स्वतःचा कॅचर-मोजा बरोबर घेऊन गावोगाव, संघोसंघ फिरायचा आणि जो कॅचर असेल त्याच्या हाती मला द्यायचा.

माझे अस्तर त्याच्या बायकोने, लुएलाने शिवले. बाळाच्या दुपट्यातला उरलेला फ्लॅनेलचा तुकडा होता तो. मी नवाकोरा आणि कडक होतो, तेव्हा मला मऊ करायला तिने तेल चोळले, मळले, आणि एका दुपारी हातात दुसरे काम आले म्हणून तान्ह्या लेकीला माझ्या तळव्यातच ठेवले. पोरगी डोक्यापासून कमरेपर्यंत मावली आणि झोपून गेली. तेवढ्या वेळात लुएलाने सगळे कपडे वाळत घातले. माझे पहिले काम ते. त्याहून हलके ओझे मला पुन्हा कधी मिळाले नाही.

मित्रांनो, व्हर्जिलचे उभे आयुष्य लहान गावांच्या लहान मैदानांवर गेले. केस पिकायला लागले तेव्हा कुठे एका ऑगस्टअखेरीस मोठ्या संघाने त्याला बोलावले. मोठ्या तलावाकाठचे ते धुरकट शहर. तिथला संघ अजिंक्यपदासाठी दुसऱ्या एका संघाशी अगदी बरोबरीने धावत होता, आणि त्यांच्या पिचरांचे खांदे थकले होते. व्हर्जिल लुएलाला फोनवर म्हणाला, "एकदाच नीट खेळायला मिळू दे ग. एकदा. मग सांगशील ते काम करीन, कोंबड्या पाळीन."

त्या संघाचा कॅचर होता डेल्बर्ट ग्रीअर. तरणाबांड, चपळ, साऱ्या शहराचा लाडका. व्हर्जिलने पहिल्याच दिवशी मला त्याच्यापुढे धरले.

"हे काय रे म्हाताऱ्या?" डेल्बर्ट म्हणाला. "धोब्याची टोपली उचलून आणलीस? की यात बाळ झोपवतोस?"

"झोपवलंय की," व्हर्जिल म्हणाला. "छान झोपतं."

सगळे खो खो हसले. डेल्बर्टही हसला, पण त्याने हात काही घातला नाही. त्याचेही अगदीच चूक नव्हते. माझ्या पोटात शिरलेला चेंडू चटकन सापडत नाही, आणि तेवढ्यात धावणारा गडी पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पुढचा थांबा, चोरतो. "मला माझे हात पुरतात," तो म्हणाला. "या झोळीत चेंडू हुडकत बसू काय?"

व्हर्जिलने वाद घातला नाही. पण रोज सामन्याआधी तो मला डेल्बर्टच्या सामानाशेजारी ठेवून यायचा. आणि रोज कुणीतरी मला उचलून बुलपेनमध्ये परत आणून टाकायचा. बुलपेन म्हणजे मैदानाच्या पार टोकाला, कुंपणाआडचा बाक. राखीव पिचर तिथे बोलावणे येईपर्यंत बसतात. बाकीचे पिचर आपापसांत पत्ते आणि थट्टा करत. व्हर्जिलच्या कलेतले त्यांना काही कळत नसे, म्हणून त्याच्याशी बोलायलाही कुणाला काही नसे. तो कोपऱ्यात बसून नखे कानशीने घासायचा. मी त्याच्या मांडीवर पडलेला असायचो. तलावावरून गार वारा यायचा. हजारो माणसांचा गलका आमच्यापर्यंत पोचायचा, तो भिंतीपलीकडच्या लग्नासारखा.

असा सप्टेंबर सरत आला. आणि मग एका दुपारी बोलावणे आले.

शेवटचा, नववा डाव. आमचा संघ एका धावेने पुढे. समोरच्यांचा एकच गडी बाद व्हायचा होता, पण त्यांचे दोन गडी बेसवर टपून होते. पिचर थकलेला. मॅनेजर हॅचरने व्हर्जिलला हाक मारली. व्हर्जिल मला काखेत धरून ते सबंध मैदान एकटा चालत गेला. मधल्या उंचवट्यावर डेल्बर्ट उभा होता. व्हर्जिलने मला पुढे केले.

"ती टोपली ठेव बाजूला," डेल्बर्ट म्हणाला. "साऱ्या शहरासमोर हसं करतोस का माझं?"

"डेल्बर्ट, एवढा एकच फलंदाज."

"एकच आहे ना? मग टाक की. धरतो मी."

हॅचरने मला उचलून खेळाडूंच्या बाकावर फेकले. तिथून मी सारे पाहिले. फलंदाजाने पहिला चेंडू हुकवला. दुसराही हुकवला. तिसरा तर व्हर्जिलने जन्मभरात टाकला नसेल असा देखणा. येता येता थबकला, डुलला, आणि विहिरीत दगड पडावा तसा खाली गेला. फलंदाजाची बॅट वाऱ्यावर फिरली. तिसरा हुकला म्हणजे फलंदाज बाद, सामना आमचा. लोक उभेसुद्धा राहिले.

पण त्या खेळाचा एक नियम आहे. तिसरा चेंडू कॅचरने झेलला नाही, तर हुकलेल्या फलंदाजालाही पळायची मुभा असते. चेंडू डेल्बर्टच्या लहान मोज्याच्या अंगठ्याला लागला आणि मागच्या भिंतीपर्यंत घरंगळत गेला. तो आणेपर्यंत बेसवरचे दोन्ही गडी धाव पुरी करून घरी पोचले होते. आमच्या शेवटच्या पाळीत एकही धाव निघाली नाही, आणि आम्ही हरलो.

लोकांनी हुर्यो केली ती व्हर्जिलची. नंतर वार्ताहर आले. "चेंडू भलतीकडेच टाकलात का?" एकाने विचारले.

व्हर्जिल बुटांचे बंद सोडत होता. "माझ्या हातून सुटला," तो म्हणाला. "मग पुढचं सगळं माझंच."

पलीकडे डेल्बर्ट डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता.

त्याच आठवड्यात अजिंक्यपद गेले. शेवटच्या रविवारच्या सामन्याला काही अर्थच उरला नव्हता. हॅचर म्हणाला, "टाकू दे म्हाताऱ्याला. आता काय बिघडायचंय?" मैदानात घोंगड्या पांघरलेले थोडे लोक होते, बाकी रिकाम्या खुर्च्या. व्हर्जिलने त्या दिवशी मला कुणाच्या शेजारी ठेवले नाही. मी त्याच्या कपाटात, बुटांखाली होतो.

डेल्बर्ट स्वतः आला. त्याने मला बाहेर काढले, उलटेपालटे केले.

"अंगठा कुठं घालायचा?"

"आत, अस्तराच्या खाली," व्हर्जिल म्हणाला. "आणि धरायला जाऊ नकोस. नुसता उघडा ठेव. तो आपणहून येतो."

मित्रांनो, त्या दुपारी मी पोटभर काम केले. चेंडू डुलत येत होते आणि माझ्यात विसावत होते. एकही मागे गेला नाही. रिकाम्या खुर्च्यांत तो थप् असा आवाज घुमायचा आणि परत यायचा. व्हर्जिलने सबंध सामना टाकला आणि जिंकला. घोंगडीवाले टाळ्या वाजवून घरी गेले.

"आधीच दरडावून सांगायचंस मला," डेल्बर्ट हलकेच म्हणाला.

"रोज सांगत होतो," व्हर्जिल म्हणाला. "तुझ्या शेजारी ठेवून."

डेल्बर्टने माझ्यातला हात काढला नाही.

पुढच्या वर्षी व्हर्जिलला कुणी बोलावले नाही. त्याने खरोखरच कोंबड्या पाळल्या. काही वर्षांनी खेळाचे नियम करणाऱ्यांनी एवढ्या मोठ्या मोज्यांवर बंदीही घातली, म्हणजे माझी उरलीसुरली आशाही मिटली. मी आता त्यांच्या स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. लुएला अधूनमधून तेल लावते. चामडे भेगाळू नये म्हणून ती तळव्यात बोटे फिरवते, तेवढीच सोबत.

माझे एवढेच मागणे आहे. कुणी तुमच्यापुढे काही बेढब, हसू येण्यासारखे धरले, तर हसा खुशाल, पण एकदा हात घालून पाहा. नाही जमले तर परत द्या, कुणी रागावणार नाही. फक्त मैदान भरलेले असताना हे करा. खेळ संपल्यावर आलेला हातही मला उबदारच वाटला. पण तो आठवडाभर आधी आला असता, तर एका माणसाला साऱ्या शहराची हुर्यो एकट्याने झेलावी लागली नसती.