वेणूबाईचं फिरतं हळदीकुंकू

सत्त्याण्णव साली मी आणि आमची वेणूबाई नवी मुंबईत जुन्या मॅटाडोरमध्येच राहायचो. स्टोव्ह, देव्हारा, अंथरूण, सगळं आत. एका जागी तीन दिवस काढले की माझ्या पायाला क्लचशिवाय झोप यायची नाही. वेणूला मात्र एका जागी बूड टेकायचं होतं.

त्या संक्रांतीला तिनं बजावलं, "दरवर्षी मीच लोकांचं वाण घेऊन येते. यंदा माझ्या घरी बायका आल्या नाहीत, तर मी भाड्यानं खोली घेणार. तुमी बसा गाडीत!"

कोपरखैरण्यात पाण्याच्या टाकीखाली गाडी उभी होती. तोच पत्ता देऊन तिनं अकरा जणींना बोलावलं. आणि नेमकं त्याच दुपारी, तिचा डोळा लागलेला बघून, मी गाडी एपीएमसी मार्केटमागे आणून लावली. काय करणार, पाय वळवळले! कांद्याच्या वासानं ती जागी झाली.

"अहो, बायका काय आता रिकाम्या रस्त्याला कुंकू लावणार?"

"मग आपलं घरच नेऊ की त्यांच्या दारात," मी म्हणालो.

प्रत्येक इमारतीखाली हॉर्न दिला. एकेक बाई चढली, हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला, वाणाची चाळणी घेतली; पण खाली कुणी उतरेना. खोटं सांगत नाही, मागची चाकं निम्मी डांबरात रुतली!

मंजुषा नावाची एक सून म्हणाली, "काकू, आठ वर्षं इथं राहते, पण दिवाळे गावची खाडी नाही बघितली."

वेणू माझ्यावर खेकसली, "बघताय काय? घ्या की दिवाळ्याला!"

खोलीचा विषय तिनं पुढच्या संक्रांतीपर्यंत काढला नाही.