रेघेबाहेरचा व्हर्न

युद्ध संपल्यापासून व्हर्न टलक केर्नबरोच्या संघातून ऑस्ट्रेलियातला, हातांनीही खेळायचा फुटबॉल खेळत होता, आणि इतक्या वर्षांत अंतिम सामना त्याने पाहिला तो प्रेक्षकांत बसूनच. आज मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर तो स्वतः उतरला होता. गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे पहिला अंतिम सामना हाच शेवटचा सामनाही होता. बायकोला, एडनाला, त्याने तसा शब्दच दिला होता.

शेवटच्या पाळीत चेंडूवर झेपावताना गुडघा सटकला. जाणता गडी अशा वेळी रेघेच्या आतच लोळतो, मालिशवाला त्याच्याकडे धावत येतो. नव्या पोरांना व्हर्नने हे शंभरदा बजावलं होतं. पण खेळाचा खोळंबा नको म्हणून हा शहाणा स्वतःच लंगडत रेघेबाहेर गेला. पर्सी मालिशवाल्याने गुडघ्याला एक हिसका दिला, कट्ट आवाज झाला आणि दुखणं पळालं.

व्हर्न उठला, तर डेस क्विल्टी आत धावत सुटलेला. डेस संघाचा एकोणिसावा गडी, म्हणजे राखीव; सगळा मोसम बाकावर थंडीचा लांब गाऊन गुंडाळून बसलेला. प्रशिक्षकाच्या हुकमाचीही वाट न बघता त्याने गाऊन भिरकावला होता.

"त्याला माघारी बोलाव," व्हर्न म्हणाला.

"आता कसा बोलावू? पाय पडला त्याचा आत," पर्सी म्हणाला. "बस खाली, लेका. झालं तुझं."

राखीव गडी एकदा आत गेला, की ज्याच्या जागी गेला त्याला मैदान बंद. नियम व्हर्नला तोंडपाठ होता, तरी तो खुळ्यासारखा त्या रेघेकडे बघत राहिला. धडधाकट पाय घेऊन बाकावर बसायचं? त्याला रडूही येईना.

केर्नबरो चार गुणांनी मागे होतं; एका गोलाचे सहा गुण. वेळ संपत आली आणि नेमका डेसनेच गोलासमोर उंच चेंडू झेलला. झेलणाऱ्याला बिनअडथळा किक मिळते, म्हणजे आता किक त्याची.

"चुकू दे," व्हर्न म्हणाला.

हे आपणच बोललो, हे कळलं तसा त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पर्सीने मान वळवून पाहिलं.

चेंडू खांबांच्या बरोबर मधून गेला. केर्नबरो जिंकलं. पोरांनी डेसला खांद्यावर घेतलं आणि व्हर्नलाही हाका मारायला सुरुवात केली. तो उठून निघाला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, की आपण लंगडतो आहोत, आणि गुडघा तर मुळीच दुखत नाही.