पॅकेजमध्ये दुपारचं जेवण नव्हतं

ती चष्म्याची दांडी गरम वाळूच्या भांड्यात खुपसते, थोडं थांबते, बाहेर काढून अंगठ्याने किंचित वाकवते.
"आता?"
"अजून टोचतंय," गिऱ्हाईक म्हणतं.
"कुठे ते नीट सांगा. नुसतं टोचतंय म्हटलं तर मला कसं कळणार?"

*

चष्म्याच्या दुकानातला रेडिओ : "सहलीला गेलात आणि पोट धरून परत आलात? भरपाई हा तुमचा हक्क आहे! जिंकलो तरच फी!"

*

समुद्राकाठच्या एका हॉटेलात, सकाळी, पांढऱ्या टोपीतला उंच स्वयंपाकी थंड पेटीच्या काचेवर पंजा टेकवतो, तापलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवावा तसा. मग पेटीत कोंबडीच्या कापांचं ताट सरकवतो.

*

सासूबाई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात येतात.
"आई, हाक मारायची की. भिंतीला कशाला त्रास?" मुलगा म्हणतो.
"पडेल म्हणून धरलीय. तुम्हा लोकांचं लक्ष असतं कुठे घराकडे?"

*

ओट्याखालच्या खणात कागदी रुमालांचं न फोडलेलं पाकीट आहे. ती ते उचलते आणि शेजारणीला देऊन टाकते. शेजारीण म्हणते, "अगं, कशाला?" ती घरात वळते.

*

वकीलबाईंच्या ऑफिसात तीनच खुर्च्या होत्या, म्हणून ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली. एका खुर्चीत वकीलबाई, एकीत सासूबाई, एकीत तिचा नवरा. वकीलबाईंना सर्दी झाली होती. प्रत्येक प्रश्नाआधी त्या नाक पुसत, त्यामुळे प्रत्येक प्रश्न फार विचार करून विचारल्यासारखा वाटे.

"मागच्या वेळी झालंय सगळं, पण पुन्हा एकदा. आजी, तुम्ही कोंबडी कुठे खाल्लीत?"

"जेवणघरात. सकाळी." सासूबाईंचा आवाज खणखणीत होता. "पावात घालून खाल्ली. दोन पाव खाल्ले. पैसे भरलेत म्हटल्यावर लाजायचं कशाला?"

"आणि दुपारी?"

"दुपारी काही नाही. दुपारचं जेवण पॅकेजमध्ये नव्हतंच. सुनेला विचारा."

वकीलबाईंनी खिडकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. दुपारचं जेवण पॅकेजमध्ये नव्हतं हे खरं होतं.

म्हणूनच तर त्या हॉटेलातली निम्मी माणसं नाश्त्याच्या वेळी दुपारची सोय करून घेत. पाव चिरायचा, आत कोंबडीचे काप ठेवायचे, कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकायचं. वाढपी दुसरीकडे बघत. तिनेही तेच केलं होतं. मग सगळे सहलीच्या बसने बाजारात गेले, पिशवी बसच्या सीटवर राहिली, आणि काचा बंद करून बस उन्हात उभी राहिली. दुपारी बस किल्ल्याखाली थांबली. नवरा बाकीच्या मंडळींबरोबर वर चढला. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या दोघीच बसमध्ये बसल्या. सासूबाईंनी सकाळी जेवणघरात नुसता चहा घेतला होता. पाव त्यांनी खाल्ला तो बसमध्ये.

त्यानंतर परक्या देशातलं हॉस्पिटल, खाणाखुणांनी बोलणारे डॉक्टर, आणि मूत्रपिंडांवर ताण आलाय हे कागदावर चित्र काढून समजावणारी एक नर्स. नवरा कॉरिडॉरच्या फरशीवर बसून रडला होता. तिने त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण रडणाऱ्या माणसाला काय सांगणार? मग विमानात सांगू असं मनाशी म्हणाली, मग घरी गेल्यावर. घरी गेल्यावर त्याने रेडिओवरचा नंबर फिरवला.

"आईच्या जिवावर बेतलं होतं," तो आताही म्हणत होता. "मला पैशाचं नाही हो काही. पण चूक झाली म्हणायला नको का कुणीतरी?"

"तेच सांगायला बोलावलंय." वकीलबाईंनी नाक पुसलं. "म्हटलंय."

"काय म्हटलंय?"

"चूक झाली म्हणून. हॉटेल आधी दाद देत नव्हतं. पण त्यांच्या स्वयंपाक्याने स्वतःच जबाब दिला. पेटी त्या दिवशी पुरेशी गार होती की नाही, त्याला आता आठवत नाही. म्हणतो, मी हात लावून बघतो रोज, त्या दिवशीही बघितलं असणार. पण बाई आजारी पडल्या म्हणजे माझ्याच हातून काहीतरी राहिलं." त्यांनी खांदे उडवले. "असं कुणी बोलत नाही सहसा. त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला असेल. आता ते तडजोडीला तयार आहेत."

नवऱ्याने आईचा हात दाबला. खालून एक मालगाडी गेली आणि टेबलावरचा चमचा बशीत वाजला.

"त्याचं काय झालं?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"स्वयंपाक्याचं."

"काढलं त्याला. काढणारच ना." वकीलबाईंना काहीतरी आठवलं. "हो, त्याने शेवटी विचारलंय, आजींना आता बरं आहे का. असलं काही जबाबात घेत नाहीत खरं तर, पण घेतलंय."

ती कट्ट्यावरून उठली. उठल्यावर हातांचं काय करावं ते तिला कळेना; तिने पदर उगाच सारखा केला.

"मला एक सांगायचं होतं," ती म्हणाली.

तिघेही तिच्याकडे बघू लागले.

"तिला पाणी द्या आधी," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही तिच्या. मला आवरून द्यायचं म्हणून तशीच निघालीय. बस गं खाली. तोंड बघ किती उतरलंय. चक्कर येऊन पडलीस तर इथे आणखी एक दावा लावावा लागेल."

वकीलबाई मोठ्याने हसल्या आणि त्यांना ठसका लागला. नवरा पाणी आणायला धावला. तिच्या हातात पेला आला, तिने तो संपवला, आणि तोवर तडजोडीचं बोलणं पुढे गेलं होतं.

*

नवरा गाडी आणायला गेला. दोघी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या. सासूबाईंनी इथे भिंत धरली नाही, सुनेचा दंड धरला.

"मला ठाऊक आहे तू काय सांगणार होतीस ते."

तिने दुसऱ्या हाताने जिन्याचा कठडा धरला.

"पिशवी उन्हात राहिली. कुणाचीही राहिली असती. एवढ्यासाठी माझ्या पोराने तुला जन्मभर ऐकवायचं? मी ऐकवते तेवढं पुरे आहे."

"आई, तो माणूस..."

"मिळेल त्याला काम. हाताला चव असेल तर कुठेही मिळतं."

"नाही मिळालं तर?"

"तर ते पाप माझं. मी खोटं बोलले, तू नाही. तू तर तोंडसुद्धा उघडलं नाहीस." सासूबाईंनी एक पायरी उतरून दम घेतला. "हॉस्पिटलात तू रात्र रात्र जागलीस, माझी घाण काढलीस. माझी सख्खी लेक एकदा फोन करून मोकळी झाली. मी बोलते तुला टाकून, बोलत राहीन, जीभच तशी आहे माझी. पण माणूस कळतो मला. चूक झाली तुझ्या हातून. चुकीला काय करायचं?"

"आई..."

"पुरे आता. खालची पायरी दिसत नाहीये मला. आधी पाऊल ठेव तू."

तिने पाऊल ठेवलं. सासूबाईंनी सगळा भार तिच्या दंडावर टाकला, आणि तिला जाणवलं, त्यांचं वजन किती कमी झालंय. रस्त्यावर नवऱ्याने हॉर्न वाजवला. तो आतून दार उघडून हसत होता, कित्येक आठवड्यांनी.

"काय चाललंय सासू-सुनेचं?" त्याने विचारलं.

"तुझी निंदा," सासूबाई म्हणाल्या, आणि गाडीत शिरताना सुनेचं डोकं वर आपटू नये म्हणून त्यांनी दाराच्या चौकटीवर हात आडवा धरला.

*

त्या दुपारी बसमध्ये तिने रुमाल उघडून पाव आधी स्वतःच्या नाकाशी नेला होता, आंबूस वासाने तोंड मागे घेतलं होतं, आणि मग सासूबाईंच्या हातात दिला होता.